शनिवारचा घाणा

मुळं शोधायला येणाऱ्या माणसांचा सिमाबाई चौलकरला कंटाळा होता. कंटाळा हा आपला सभ्य शब्द. खरं तर ती माणसं दिसली की तिच्या कपाळात तिडीक उठायची. थंडी पडली की ती येऊ लागायची. कुणी इस्रायलच्या दिमोनाहून, कुणी लंडनहून, अंगात कालच अलिबागच्या बाजारात घेतलेले कुडते. रेवदंड्याच्या वाडीत शिरून माडाच्या बुंध्याला मिठी मारायची, विहिरीच्या काठाला हात लावून डोळे पुसायची आणि मग सिमाबाईच्या ओटीवर टेकून मायेनं विचारायची, "तुम्हाला इथं फार एकटं वाटत असेल, नाही?"

"तुम्ही आलात की वाटतं," सिमाबाई म्हणायची.

गावात बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांची, घरं आता दोनच उरली होती. एक तिचं, दुसरं डॅनियलचं. बाकीचे तिच्या तरुणपणापासून एकेक करून इस्रायलला निघून गेले. तिचा मुलगाही त्यातच. ती आणि तिचा नवरा शालोम मात्र राहिले. शालोमचं म्हणणं असं, की तिकडे सगळेच यहुदी, मग आपल्याला विचारतो कोण? इथं निदान पोस्टमन तरी ओळखतो. गेल्या फेब्रुवारीत शालोम गेला. आता त्याचं वर्ष आलं होतं, आणि तिथंच घोडं अडलं होतं.

गेलेल्या माणसासाठी कदिशची प्रार्थना म्हणायची तर दहा यहुदी पुरुष हजर लागतात. नऊ असले तर चालत नाही. अलिबागचे, रेवदंड्याचे, थळचा एक, असे सगळे गोळा केले तरी नऊच भरत होते. अशात अलिबागहून बिन्यामिनभाऊंचा फोन आला. बिन्यामिन किहीमकर म्हणजे समाजाचे मुकादम. प्रत्येक गोष्टीत पुढे आणि कुठल्याच गोष्टीत ठाम नाहीत, असं सिमाबाईचं त्यांच्याविषयी मत.

"सिमा, तुझा दहावा माणूस मिळाला! अमेरिकेचा आहे. शास्त्रोक्त ज्यू झालेला. महिना होत आला, चौलला होमस्टेत उतरलाय. मुळं शोधायला आलाय."

"मग दहाव्यात नको धरू," सिमाबाई म्हणाली. पण फोन ठेवता ठेवता तिनं त्याला ओटीवर पाठवायला सांगितलं.

तो आला. चाळिशीचा, दाढी राखलेला, डोक्यावर विणलेली टोपी, सदऱ्याखालून पांढरे दोरे लोंबताहेत. "शालोम अलेखेम," असा यहुदी नमस्कार करताना त्यानं 'ख' असा काही ओढला की घशात मांदेलीचा काटा अडकलाय असं वाटावं.

"मी एझ्रा. एझ्रा बेन अव्राहाम."

"आडनाव?"

"आधीचं तळकर."

सिमाबाई चमकली. "मराठी आहेस तू?"

"जन्मानं. जन्म तळ्याचा. ठाण्यात शिकलो. आता शिकागोला असतो."

"आणि आईबापानं नाव काय ठेवलं होतं?"

तो जरा घुटमळला. "अल्पेश."

मग त्यानं सगळी कहाणी सांगितली. सवयीची होती, कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, हे त्याला पाठ होतं. तळ्याला त्याच्या पणजोबांचा तेलाचा घाणा होता आणि तो घाणा दर शनिवारी बंद असे. आता कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे कोण, तर बेने इस्रायली. शनिवार तेली म्हणत त्यांना, कारण शनिवार हा त्यांचा शब्बाथ. म्हणजे घराणं मूळचं यहुदी, मधे कधीतरी हिंदूंत मिसळून गेलं. तळकर आडनावाचे इस्रायली आहेतच की आजही. त्यानं शिकागोला तीन रब्बींसमोर, म्हणजे यहुदी धर्मगुरूंसमोर, परीक्षा दिली, पाण्यात बुडी मारली, सुंता करून घेतली आणि जे पणजोबांनी सोडलं ते परत घेतलं.

"अव्राहाम कोण? वडील?"

"धर्मांतर केलेल्या प्रत्येकाचे वडील अव्राहामच. तो नव्यानं जन्मतो ना."

"आणि जुने वडील?"

"ते आहेत तळ्याला." माळ्यावर टाकलेल्या कपाटाबद्दल बोलावं तसं तो बोलला. "आई गेली मागेच. माझं त्यांचं फारसं बोलणं नसतं. त्यांना हे कळत नाही."

"भेटलास?"

"अजून नाही. आधी मुळांचं काम संपवायचंय."

सिमाबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. बाप रोह्यापलीकडे तळ्याला बसलाय आणि हा चौलच्या आळ्यांतून आणि रेवदंड्याच्या वाड्यांतून मुळं हुडकत फिरतोय. शिकागोला अकलेचाही शब्बाथ पाळत असावेत.

तिनं चहा आणला. त्यानं विचारलं, या भांड्यात कधी मटण शिजलं होतं का; यहुद्यांत मांस आणि दूध एका भांड्यात चालत नाही. मग पिशवीतून कागदी पेला काढला आणि त्यात बाटलीतलं पाणी ओतून घेतलं.

"आमच्यात मटणाला नारळाचं दूध घालतात," सिमाबाई म्हणाली. "गाई-म्हशीचं कधीच नाही. माझ्या सासूच्या सासूनंही घातलं नाही."

"हो, इंटेन्शन चांगलंच होतं, आंटी," तो समजूत घालत हसला. "नॉलेज नव्हतं एवढंच, तुम्हा लोकांना."

एरवी तिनं चहा त्याच्या अंगावर ओतला असता. पण शालोमचं वर्ष होतं. शालोम जिवंत असताना त्याच्यासाठी ती क्वचितच गप्प बसली होती, आता बसली.

रविवारी दुपारी सगळे मशिदीत जमले. सिनेगॉगला गावात मशीदच म्हणतात. डॅनियलनं सकाळपासून झाडलोट केली होती, दिव्यांत तेल घातलं होतं. डॅनियल पंचेचाळिशीचा, इको गाडी भाड्यानं चालवायचा आणि मशिदीची चावीही त्याच्याकडेच. त्याची आई कोकिळा मलिद्याचं ताट घेऊन बायकांच्या बाकावर बसली होती: गोड पोहे, खोबरं, वर खजूर. सिमाबाई तिच्या शेजारी बसली.

बिन्यामिनभाऊ पुस्तक उघडणार, तेवढ्यात एझ्रानं हात वर केला. "एक मिनिट. सॉरी. मला फक्त खात्री करायचीय. आई ज्यू असेल तरच मूल ज्यू. इथल्या सगळ्यांच्या आया ज्यू होत्या ना?"

एखादा आडदांड पाहुणा मयताच्या घरी येऊन जेवायचं कधी विचारतो, तेव्हा लोक जसे एकमेकांकडे बघतात, तसे सगळे बघत राहिले. आणि मग त्या आठ भेकड डोक्यांतली दोन-तीन डोकी हळूच डॅनियलकडे वळली. सिमाबाईला ती फोडावीशी वाटली.

"माझी आई कोळ्यांची," डॅनियल म्हणाला. "लग्नात झाली इस्रायल. समुद्रात बुडी दिली होती तिला."

"तीन रब्बी होते का समोर?"

"रेवदंड्याला?"

"मग ते धर्मांतर नाही," एझ्रा शांतपणे म्हणाला. "पर्सनल घेऊ नका. पण नऊच आहोत आपण. नवांत कदिश म्हणणं हे न म्हणण्यापेक्षा वाईट. मला नाही बसता येणार."

बिन्यामिनभाऊंनी पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "आमच्याकडे असंच चालत आलंय," एवढंच ते पुटपुटले, तेही पुस्तकाला. कोकिळानं पदर ओढला आणि मलिद्याच्या ताटावर झाकण ठेवलं. सिमाबाईला एकदम आपली सासू आठवली. 'काळे इस्रायल', म्हणजे मिश्र रक्ताचे, म्हणायची ती कोकिळाच्या घराला, आणि वेगळ्या कपात चहा द्यायची. पण म्हातारी निदान स्वयंपाकघरात म्हणायची, हळू आवाजात. हा मशिदीत उभा राहून म्हणत होता.

ती उठली आणि पुरुषांच्या बाजूला चालत गेली.

"निघ," ती म्हणाली.

"आंटी, मी तुमच्या मिस्टरांच्या भल्यासाठीच..."

"माझ्या नवऱ्याच्या तापात रात्रभर त्याच्या उशाशी हा डॅनियल बसला होता. तू तेव्हा बुडी मारत होतास. निघ इथून, अल्पेश."

तो गेला. पण प्रार्थना झालीच नाही. तो गेल्यावर नऊच उरले होते, आणि बिन्यामिनभाऊंना नवांत पुढे जायची छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिमाबाईनं डॅनियलला गाडी काढायला सांगितली. कुठं, म्हणून त्यानं विचारलं. "तळ्याला. त्या दीडशहाण्याचा बाप बघून यायचाय." तिच्या मनात काय होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. बापाला गाडीत घालायचं, चौलला आणायचं आणि होमस्टेच्या अंगणात त्या बेन अव्राहामासमोर उभं करायचं. म्हणायचं, हे बघ तुझं मूळ, घाल पाणी.

साळावचा पूल, रोहा, पुढं डोंगरातून तळा. तळकरांचं घर विचारत विचारत सापडलं. भाताची उडवी, शेणानं सारवलेलं अंगण, आणि पडवीत बाजेवर रामचंद्र तळकर. ऐंशीच्या घरातला, पायानं अधू. पुतण्याची बायको दिपाली त्याला पेज भरवत होती.

सिमाबाईनं आपण कोण ते सांगितलं. मग म्हणाली, "तुमचा अल्पेश चौलला आलाय. महिना होईल."

म्हाताऱ्यानं तोंडाशी आलेला चमचा हातानं बाजूला केला. "हिकडं? रायगडात हाय?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"कामात असंल," तो म्हणाला. "बरा हाय ना? अंगानं?"

सिमाबाईला राग आला. मुलाचा आला होताच, आता बापाचाही आला. माणसानं इतकं मऊ असू नये. तिनं मग मशिदीत झालेलं सगळं सांगितलं, काही न गाळता. शेवटी म्हणाली, "आणि हे सगळं कशावर? तर म्हणे तुमच्या आजोबांचा घाणा शनिवारी बंद असायचा."

दिपाली भांडं घेऊन आत गेल्यावर रामचंद्र म्हणाला, "सोमवारी."

"काय?"

"सोमवारी बंद असायचा. आमी सोमवार तेली. संकराचा वार, म्हनून त्या दिशी बैल सोडायचं. शनिवार तेली ते तुमचं लोक. आमचा त्यांचा काय संबंद न्हाय."

"मग त्याच्या डोक्यात शनिवार कुणी घातला?"

"मीच." त्यानं गुडघ्यावरून हात फिरवला. "लहान व्हता. शाळंतून रडत आला. पोरं तेल्या तेल्या करून मागं लागलेली, दप्तराला तेलाचा वास येतो म्हनायची. घाना तर कवाच मोडून टाकलेला, कसला वास? पन पोरगा रडं थांबवीना. म्हटलं, अरं, आपन साधं तेली न्हाय, आपन शनिवार तेली. लांबच्या मुलखातनं गलबतातून आलो, वादळात गलबत फुटलं, किनाऱ्याला लागलो. रोह्याच्या बाजारात एक इस्रायल भेटायचा, त्यानं सांगितलेली गोष्ट. तीच आपल्या नावावर खपवली. पोरगा हसला. मग रोज विचारी, बाबा, गलबत केवढं व्हतं? मी मोठं करत ऱ्हायलो."

डॅनियल गाडीला टेकून ऐकत होता. त्यानं मान खाली घातली.

"चला माझ्याबरोबर," सिमाबाई म्हणाली. "त्याच्या तोंडावर सांगा."

"न्हाय बाई. आन तुमीबी सांगू नका."

"का म्हणून? त्यानं एका बाईला चारचौघांत तोंड झाकायला लावलं."

"ते चुकलंच त्याचं. पन त्याच्यापाशी माजं असं तेवढंच हाय," रामचंद्र म्हणाला. "नाव टाकलं, देव टाकला. ती गोष्ट तेवढी जपलीय. ती काडून घेऊ नका."

सिमाबाई "बरं" म्हणाली. येताना रोह्याला पोचल्यावर ती म्हणाली, "कसला मिंधा माणूस आहे," आणि डॅनियल म्हणाला, "व्हय काकू," पण त्याचा आवाज तसा नव्हता.

शब्द पाळायचा असं तिनं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी एझ्रा आपण होऊन ओटीवर आला. तोंडावर क्षमा केल्याचं हसू. रविवारचं त्यानं मनावर घेतलं नव्हतं म्हणे. दुःखात माणूस बोलतो. त्याचा एक मित्र मुंबईहून येणार होता, अगदी काटेकोर ज्यू. "तो आणि मी धरून दहा होतात. पुन्हा प्रार्थना ठेवा. डॅनियलला फक्त मागं बायकांच्या बाकाजवळ बसवा. त्याची आई काय, बिचारी, समुद्रात आंघोळ करून आली. तिचा दोष नाही."

डॅनियल तेव्हा आत गॅसची टाकी बदलत होता. पाना फरशीवर पडल्याचा आवाज आला.

आणि सिमाबाईच्या तोंडून ते निघून गेलं. "तुझा घाणा सोमवारी बंद असायचा," ती म्हणाली. "सोमवार तेली तुम्ही, शंकराचे. शनिवार तुझ्या बापानं रचला, कारण तू शाळेतून रडत घरी आलास. गलबत नाही, वादळ नाही. मी त्याच्याच तोंडून ऐकून आलेय."

एझ्राचा चेहरा पांढरा पडला. क्षणभर तिला वाटलं, बसला घाव. पण तो सावरला, आणि हसला.

"बाबा खोटं बोलले तुमच्याशी. त्यांना लाज वाटते. आपण मूळचे ज्यू होतो, हे त्यांना गावात कबूल करायचं नाहीये. अशा केसेस मी वाचल्यात."

"अरे गाढवा..."

"मी स्वतः विचारतो त्यांना," तो म्हणाला आणि चपला घालून निघाला.

मागं राहिलेली सिमाबाई ओटीवर तशीच बसली. डॅनियल हात पुसत बाहेर आला. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. म्हाताऱ्यानं एवढी एकच गोष्ट मागितली होती. ती तिनं एक दिवसही सांभाळली नाही, आणि ज्याच्यासाठी मोडली त्या दगडाला ओरखडाही उठला नव्हता. सावध करायला फोन करावा तर तळ्याचा नंबर घ्यायचंही तिला सुचलं नव्हतं. आयुष्यभर तिनं लोकांची अक्कल काढली होती. त्या दुपारी स्वतःची काढत बसली आणि आपण किती पोकळ बोलतो, याचा तिला वीट आला.

प्रार्थना पुढच्या रविवारी झाली. बिन्यामिनभाऊंचा ठाण्याचा भाचा आला, आणि डॅनियलला धरून दहा झाले. बिन्यामिनभाऊंनी या वेळी कुणाला काही विचारलं नाही. सिमाबाई दारातच उभी होती म्हणून असेल. कदिश डॅनियलनंच म्हटली. त्याचे उच्चार ओबडधोबड होते. शालोमचेही तसेच होते.

सगळे बाहेर पडत असताना फाटकाशी एझ्रा दिसला. उन्हानं रापलेला, दाढीत भाताचा तूस. तो गेले चार-पाच दिवस तळ्यालाच राहिला होता.

"सिमाआंटी," त्यानं सगळ्यांसमोर हाक मारली आणि फोन पुढं धरला. "ऐका."

फोनमध्ये रामचंद्र बाजेवर बसला होता. अंगात नवा सदरा. कॅमेऱ्याकडं बघत, घडाघडा, परीक्षेला बसल्यासारखा तो म्हणत होता, "शनिवारीच बंद असायचा घाना. आजा शनिवारी इस्तवबी पेटवायचा न्हाय. गलबतातून आलो आमी. लई मोठं गलबत व्हतं, दोन डोलकाठ्यांचं. ती रेवदंड्याची बाई ऐकायला चुकली. वय झालंय तिचं."

"त्यांनी माझ्यासाठी नवी मडकी आणली," एझ्रा म्हणाला. "माझ्या कोशरचा, खाण्यापिण्याच्या नियमांचा, प्रॉब्लेम होऊ नये म्हणून. अधू पायानं बाजारात गेले. तुम्ही माझ्या वडिलांना चारचौघांत खोटं पाडलंत, आंटी. डॅनियलही होता तेव्हा आत. मला वाटतं तुम्ही माफी मागावी."

माझे वडील, तो म्हणाला. जुने नाही, आधीचे नाही. बोलताना त्याचा आवाज किंचित घोगरा झाला होता आणि त्याचं त्यालाच ते कळलं नव्हतं.

डॅनियलनं तोंड उघडलं. तळ्याच्या अंगणात तोही उभा होता; त्यानंही सगळं ऐकलं होतं. सिमाबाईनं त्याच्याकडे असं बघितलं की ते तोंड पुन्हा मिटलं.

बिन्यामिनभाऊ, थळचा म्हातारा, ठाण्याचा भाचा, कोकिळा, सगळे थांबले होते. सिमाबाई चौलकरनं कुणाची माफी मागितल्याचं त्यांच्यातल्या एकानंही कधी पाहिलं नव्हतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूची मागितली नव्हती, शालोमची तर कधीच नाही.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "मी ऐकायला चुकले. शनिवारच म्हणाले होते ते."

"इट्स ओके," एझ्रा म्हणाला. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला असता, पण परक्या बाईला शिवायचं नाही हा त्याचा नियम आड आला. "या वयात होतं असं." मग तो डॅनियलकडं वळला, त्याचा हात हातात घेऊन हलवला आणि मोठ्या मनानं म्हणाला, "तुमच्याविषयी मला आदर आहे. फक्त दहांत मोजता येत नाही."

तो रिक्षात बसून गेला. फाटकाशी उभी राहून सिमाबाई त्या रिक्षाकडं बघत राहिली. मूर्ख तो मूर्खच होता, तिळभर शहाणा झाला नव्हता, आणि पुढच्या वर्षी शिकागोहून येईल तेव्हाही असाच येईल. फक्त येताना आधी तळ्याला जाईल. तेवढ्यासाठी तिला आपलं नाक कापून द्यावं लागलं होतं, आणि हा सौदा तिला अजिबात पटला नव्हता.

"काकू," डॅनियल हळूच म्हणाला, "त्या म्हाताऱ्यानं तुमचं वय काढलं."

"काढू दे. बोलायला येत नव्हतं त्याला धड, पढवलेलं सगळं," ती म्हणाली. "दोन डोलकाठ्या म्हणे! आणि तू काय बघत उभा राहिलास? तुझ्या आईच्या हातातलं ताट घे. एवढा मलिदा केलाय तिनं, वाट सगळ्यांना. त्या बिन्यामिनला शेवटी दे."